लंडन–सिडनी हवाई मार्ग

लंडन–सिडनी हवाई मार्ग : इंग्लंडची राजधानी लंडन आणि ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याची राजधानी सिडनी यांना जोडणारा हवाई मार्ग. टप्प्याटप्प्याने उड्या घेत जाणारा म्हणून तो ‘कांगारू मार्ग’ या नावानेही ओळखला जातो. लंडनचा हीथ्रो विमानतळ व सिडनीचा किंग्जफर्ड स्मिथ विमानतळ यांमधील किमान अंतर सु. १७,०२० किमी. आहे. पृथ्वीवरील कोणत्याही दोन ठिकाणांमधील अंतर जास्तीत जास्त सु. २०,००० किमी. असू शकते, हे लक्षात घेता ही दोन शहरे जवळजवळ पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंस वसलेली आहेत, असे म्हणता येईल. शंभर वर्षांत या प्रवासाचा काल महिन्यांवरून वीस तासांच्या आत आला. त्याचे श्रेय सामान्यतः विमानाच्या वाढत्या वेगास दिले जाते. परंतु ते अंशतःच खरे आहे. या मार्गावरील वेळ जितका वेगामुळे वाचला, तितकाच किंबहुना त्याहून अधिक जमिनीवरील मुक्काम कमी झाल्यामुळे वाचला; आणि मुक्काम कोठे व किती करावयाचे, हे यंत्रशास्त्राइतकेच राजकारणानेही ठरविले.

दोन विमानतळांमधील अंतर बृहद्वृत्तावरून मोजतात. गोलाच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या पातळीने गोलाच्या पृष्ठावर जे वर्तुळ उमटते, ते बृहद्वृत्त होय. त्याचा कंस हा त्या दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा रस्ता असतो. सपाट नकाशावर मात्र हा कंस वाकडा दिसतो व फसवितो. लंडनहून सिडनीस जावयाचे म्हणजे आग्नेयेकडे निघावयाचे, असे नकाशा पाहून कोणासही वाटेल. वस्तुतः बृहद्वृत्तावरून जाणाऱ्या विमानास लंडन सोडताना ईशान्येकडे वळावे लागते. हा कंस बाल्टिक समुद्र ओलांडून मॉस्कोच्या वायव्येस सु. ५७° उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि नंतर कझाकस्तान, चीन, दक्षिण चिनी समुद्र व फिलिपीन्सचा पश्चिम भाग यांवरून उतरत ऑस्ट्रेलियात शिरतो. भारत त्याच्या वाटेत येतच नाही. असे असूनही या मार्गाच्या इतिहासात कराची, अलाहाबाद व कलकत्ता ही नावे पुनःपुन्हा येतात. कारण प्रत्यक्ष मार्ग आखला गेला तो भूमितीनुसार नव्हे, तर ब्रिटिश साम्राज्याच्या ताब्यातील भूमीच्या व बंदरांच्या अनुरोधाने.

प्रवासकालाची गणनाही सरळ नाही. विमानाच्या चाकांखालील अडसर काढल्यापासून गंतव्य स्थानी ते पुन्हा लावेपर्यंतचा काल वेळापत्रकात धरतात. प्रत्यक्ष उड्डाणाचा काल त्याहून काहीसा कमी असतो. त्यातच दोन्ही शहरांच्या घड्याळांतील अंतर ऋतुमानाप्रमाणे ९ ते ११ तास असते. त्यामुळे केवळ निघण्याची व पोहोचण्याची स्थानिक वेळ पाहून प्रवासाचा काल समजत नाही. शिवाय उंचावरील पश्चिमी झोतवारे पूर्वेकडे जाणाऱ्या विमानास साहाय्य व पश्चिमेकडे येणाऱ्यास विरोध करतात. त्यामुळे जाण्यास लागणारा वेळ व येण्यास लागणारा वेळ हे सारखे नसतात.

पहिल्या महायुद्धानंतर, मार्च १९१९ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या शासनाने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास तीस दिवसांच्या आत विमानाने येणाऱ्या ऑस्ट्रेलियन वैमानिकास १०,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. ते रॉस स्मिथ (१८९२–१९२२) व कीथ स्मिथ (१८९०–१९५५) या बंधूंनी जिंकले. बेनेट व शायर्स हे दोन यांत्रिक त्यांच्याबरोबर होते. त्यांचे व्हिकर्स व्हिमी हे दोन एंजिनांचे, मूळचे बाँबफेकी विमान १२ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनजवळील हाउन्स्लो येथून निघाले आणि १० डिसेंबर रोजी डार्विन येथे उतरले. रॉस स्मिथ याने त्यापूर्वी १९१८ मध्येच कैरोहून कलकत्त्यापर्यंत विमानप्रवास केला होता आणि पुढील वाटेची पाहणीही केली होती. हे यश केवळ धाडसाचे नव्हते, पूर्वतयारीचेही होते. वाटेत रमादी येथे वादळात विमान उलटू नये म्हणून शिपायांनी ते रात्रभर धरून ठेवले. कलकत्त्याच्या घोडदौडीच्या मैदानावरून उडताना एक घार पंख्यात सापडली व विमान थोडक्यात बचावले. सुराबाया येथे चाके चिखलात रुतली, तेव्हा गावकऱ्यांनी आणून दिलेल्या बांबूच्या चटया अंथरून धावपट्टी तयार करावी लागली.

या उड्डाणाचे आकडे उद्‌बोधक आहेत. सु. १८,००० किमी. अंतरास २७ दिवस २० तास, म्हणजे ६६८ तास लागले. त्यांपैकी विमान आकाशात होते ते १३५ तास ५५ मिनिटे. म्हणजेच प्रवासाचा केवळ पाचवा हिस्सा उडण्यात गेला व उरलेले चार हिस्से एंजिनाची डागडुजी, इंधन भरणे, उजाडण्याची व हवामान निवळण्याची वाट पाहणे यांत गेले. विमानाचा ताशी वेग दुप्पट असता, तरी यातून अडीच-तीन दिवसच वाचले असते. आणखी एक गोष्ट बहुधा सांगितली जात नाही : हे उड्डाण डार्विनपर्यंतचे होते. तेथून सिडनी गाठण्यास त्यांना १४ फेब्रुवारी १९२० पर्यंत वेळ लागला. कारण एंजिन बिघडले आणि दुरुस्तीची सोय शेकडो किमी. दूर होती. लंडन ते सिडनी असा हिशोब केल्यास प्रवासास ९४ दिवस लागले. त्या काळी आगबोट यापेक्षा पुष्कळच लवकर पोहोचत असे.

स्पर्धेत उतरलेल्या इतर विमानांची कथा अधिक दुःखद आहे. एक विमान लंडनच्या परिसरातच कोसळले व दुसरे कॉर्फू बेटाजवळ समुद्रात पडले; दोन्ही अपघातांत मिळून चार वैमानिक मृत्यू पावले. पारर व मॅकिंटॉश यांनी एका एंजिनाचे विमान घेऊन जानेवारी १९२० मध्ये प्रस्थान ठेवले व २०६ दिवसांनी ते डार्विनला पोहोचले. खुद्द रॉस स्मिथ १९२२ मध्ये एका नव्या विमानाची चाचणी घेताना बेनेटसह मरण पावला.

यानंतरच्या दशकात एकट्याने उड्डाण करणाऱ्यांनी हा काल झपाट्याने खाली आणला. बर्ट हिंक्लर (१८९२–१९३३) याने १९२८ मध्ये लहानशा ॲव्ह्रो एव्हियन विमानातून साडेपंधरा दिवसांत डार्विन गाठले. ॲमी जॉन्सन (१९०३–४१) ही ५ मे १९३० रोजी क्रॉयडनहून निघून २४ मे रोजी डार्विनला उतरली. एकटीने हा प्रवास करणारी ती पहिली स्त्री होय. वाटेत भारतात तिला झाशी येथे आयत्या वेळी उतरावे लागले होते. १९३४ मध्ये इंग्लंडमधील मिल्डनहॉल ते मेलबर्न अशी शर्यत झाली. तीत स्कॉट व कँबेल ब्लॅक यांनी डी हॅविलँड कॉमेट या खास बांधलेल्या विमानातून सु. ७१ तासांत पल्ला पुरा केला. बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन व शार्लव्हिल ही सक्तीची ठाणी होती. परंतु विमानवाहतुकीच्या दृष्टीने दुसरा क्रमांक अधिक महत्त्वाचा ठरला. तो डच कंपनीच्या डग्लस डीसी–२ या साध्या प्रवासी विमानाने मिळविला आणि तेही प्रवासी व टपाल घेऊन. नेहमीच्या वापराचे विमान योग्य व्यवस्था असल्यास चार दिवसांच्या आत ऑस्ट्रेलियास पोहोचू शकते, हे त्यावरून सिद्ध झाले.

अशी व्यवस्था मात्र सहज उभी राहिली नाही. ‘इंपीरियल एअरवेज’ या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची सेवा सुरू केली. प्रवाशांस विमानाने बाझेलपर्यंत, तेथून आगगाडीने जेनोआपर्यंत, मग समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रियापर्यंत, पुन्हा आगगाडीने कैरोपर्यंत व अखेर विमानाने कराचीपर्यंत असा सात दिवसांचा मिश्र प्रवास करावा लागे. मधले आगगाडीचे तुकडे तंत्रातील उणिवेमुळे नव्हते. इटलीच्या हद्दीत आकाशमार्गे प्रवेश मिळण्याबाबत मतभेद होते. पुढेही कित्येक वर्षे पॅरिस ते ब्रिंडिझी हा टप्पा आगगाडीनेच पार पाडला जाई. इराणच्या किनाऱ्यावरील उड्डाणाची परवानगी टिकेना, तेव्हा १९३२ मध्ये मार्ग इराणी आखाताच्या अरबी बाजूस हलविण्यात आला. त्यासाठी शारजाच्या शेखाशी करार करून तेथे तटबंदीचे विश्रामगृह बांधावे लागले. आज ज्या आखाती प्रदेशातील विमानतळांवरून पूर्व-पश्चिम वाहतुकीचा मोठा ओघ वाहतो, त्याचा या मार्गाशी संबंध येथून सुरू झाला.

भारतीय भूमीवरील टप्पे याच काळात जोडले गेले. ही सेवा १९२९ च्या अखेरीस दिल्लीपर्यंत आणि १९३३ मध्ये कलकत्ता, रंगून व सिंगापूरपर्यंत वाढविण्यात आली. कराचीच्या पुढील टप्प्यासाठी भारत सरकारच्या भागीदारीने ‘इंडियन ट्रान्स-कॉन्टिनेंटल एअरवेज’ ही कंपनी स्थापन झाली होती. मुंबई मात्र या मुख्य मार्गावर नव्हती. लंडनहून कराचीस आलेले टपाल दक्षिणेकडे नेण्यासाठी जे. आर. डी. टाटा (१९०४–९३) यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळापर्यंत स्वतः विमान चालवीत आणले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा आरंभ अशा रीतीने साम्राज्याच्या हमरस्त्याला जोडणाऱ्या एका फाट्यावर झाला.

सिंगापूरपलीकडील भागाची जबाबदारी १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्वांटास एम्पायर एअरवेज’ या कंपनीने घेतली. डिसेंबर १९३४ मध्ये टपालाची व एप्रिल १९३५ मध्ये प्रवाशांची लंडन–ब्रिझ्बेन वाहतूक सुरू झाली. साडेबारा दिवसांच्या या प्रवासास एका बाजूचे १९५ पौंड भाडे पडे. १९३८ च्या मध्यापासून चार एंजिनांच्या ‘शॉर्ट एम्पायर’ या समुद्रविमानांनी साउथॅम्प्टन ते सिडनीचे रोझ बे बंदर हे अंतर सु. साडेनऊ दिवसांत तोडण्यास प्रारंभ केला. या विमानांना धावपट्टी लागत नसे, शांत पाणी लागे. त्यामुळे मेवाडातील राजसमंद तलाव, ग्वाल्हेरजवळील माधोसागर व कलकत्त्याची हुगळी नदी ही ठिकाणे जागतिक वेळापत्रकात झळकली. रात्री उड्डाण नसे. प्रवासी संध्याकाळी उतरून उपाहारगृहात मुक्काम करीत व सकाळी पुन्हा निघत. या काळातील प्रवासाच्या ऐषारामाची वर्णने पुष्कळ लिहिली गेली आहेत. तो ऐषाराम मुख्यतः रात्री न उडण्याचा परिणाम होता, हे त्यांत क्वचितच नमूद केलेले असते.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य सागरावरील टप्पा बंद पडला आणि सेवा दक्षिण आफ्रिकेतील डर्बनपासून सिडनीपर्यंत, नालाच्या आकाराच्या मार्गाने चालू ठेवण्यात आली. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले व तोही दुवा तुटला. ऑस्ट्रेलियाचा ब्रिटनशी थेट हवाई संबंध पुन्हा जोडण्यासाठी १९४३ मध्ये पर्थची स्वान नदी व श्रीलंकेतील कोग्गल सरोवर यांदरम्यान हिंदी महासागरावरून सु. ६,५०० किमी. लांबीची विनाथांबा सेवा सुरू झाली. पाच कॅटालिना समुद्रविमाने तीत होती. इंधनाचा भार इतका असे की, तीनहून अधिक प्रवासी घेता येत नसत. जपानी विमानांच्या टेहळणीचा टापू रात्री ओलांडता यावा, अशा बेताने निघण्याची वेळ ठरविलेली असे. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बिनतारी यंत्र मुके ठेवून ताऱ्यांच्या आधारे दिशा ठरवीत. त्या विमानांना नावेही ताऱ्यांचीच दिलेली होती. उड्डाण २७ ते ३३ तास चाले. एवढ्या अवधीत प्रवाशांना दोनदा सूर्योदय दिसत असल्याने तिला ‘दुहेरी सूर्योदय’ हे नाव पडले. जुलै १९४५ पर्यंत अशा २७१ खेपा झाल्या. प्रवाशांच्या संख्येने ही सेवा नगण्य ठरते. पण मधले सर्व थांबे हातचे गेले असता एवढे अंतर एका दमात नियमितपणे तोडता येते, हे या मार्गावर प्रथम सिद्ध झाले ते तिच्यामुळे.

युद्धानंतर १ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटासचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान २९ प्रवासी व ११ कर्मचारी घेऊन सिडनीहून लंडनला निघाले. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो व ट्रिपोली असे त्याचे थांबे होते. चार दिवसांच्या या प्रवासात उड्डाणाचे तास सु. ५५ होते, सिंगापूर व कैरो येथे रात्रीचा मुक्काम असे. परतीसह भाडे ५८५ पौंड होते. १९१९ मध्ये एकूण कालाचा पाचवा हिस्सा उडण्यात जात असे. तो आता निम्म्याहून अधिक झाला होता. १९५९ मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली. त्यांचा ताशी सु. ९०० किमी. वेग कॉन्स्टेलेशनच्या जवळजवळ दुप्पट होता. विमानाच्या वेगाने प्रवासकालात घडविलेला हा या मार्गावरील मोठा व बहुतांशी अखेरचा बदल होय. १९७१ मध्ये क्वांटासच्या ताफ्यात दाखल झालेल्या बोइंग ७४७ ने प्रवाशांची संख्या कितीतरी वाढविली, भाडे आवाक्यात आणले. वेग मात्र जवळपास तोच राहिला. पल्ला वाढला तसे मधले थांबे गळत गेले. एकेकाळी पूर्वेचे जंक्शन समजले जाणारे कलकत्त्याचे दमदम विमानतळ या मार्गाच्या दृष्टीने गौण झाले व सिंगापूर, बँकॉक यांसारखे एक-दोन थांबेच उरले.

वेगाच्या बाजूने एक प्रयत्न झाला तो कॉंकॉर्डचा. १३–१४ फेब्रुवारी १९८५ रोजी भाड्याने घेतलेल्या एका कॉंकॉर्डने वाटेत इंधनासाठी थांबत लंडन–सिडनी अंतर १७ तास ३ मिनिटे ४५ सेकंदांत तोडले. नियमित सेवा मात्र तेथपर्यंत कधीच पोहोचली नाही. लंडन–सिंगापूर अशी स्वनातीत सेवा १९७७ मध्ये सुरू होताच तीन खेपांनंतर मलेशियाच्या आक्षेपामुळे थांबली. १९७९ मध्ये पुन्हा चालू होऊन ती १९८० मध्ये कायमची बंद झाली. ध्वनीहून अधिक वेगाने जाणाऱ्या विमानाचा गडगडाट आपल्या भूमीवर होऊ देण्यास वाटेवरील देश राजी नव्हते.

थांबे पूर्णपणे टाळण्याचा प्रयोग १७ ऑगस्ट १९८९ रोजी झाला. क्वांटासचे ‘सिटी ऑफ कॅनबेरा’ हे नवे बोइंग ७४७-४०० विमान मोजक्या व्यक्ती घेऊन लंडनहून विनाथांबा निघाले आणि सु. १८,००० किमी. उडून २० तास ९ मिनिटे ५ सेकंदांत सिडनीला उतरले. त्यासाठी नेहमीपेक्षा अधिक घनतेचे खास इंधन भरले होते व ते वाया जाऊ नये म्हणून विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत ओढून नेण्यात आले. असे विमान प्रवासी भरून एवढा पल्ला गाठू शकत नव्हते. दूरच्या प्रवासासाठी जे इंधन लागते, ते वाहून नेण्यासाठीच आणखी इंधन खर्ची पडते, ही त्यातील मूळ अडचण होय. नियमित विनाथांबा सेवा २४ मार्च २०१८ पासून सुरू झाली, ती पर्थ–लंडन या सु. १४,५०० किमी. अंतरावर, बोइंग ७८७-९ विमानास त्यासाठी सु. १७ तास लागतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये याच प्रकारचे विमान सु. ५० जण घेऊन लंडनहून सिडनीस १९ तास १९ मिनिटांत विनाथांबा गेले. युद्धकालीन सेवेच्या स्मरणार्थ या उपक्रमास ‘सूर्योदय प्रकल्प’ असे नाव देण्यात आले होते. त्यात प्रवाशांच्या व कर्मचाऱ्यांच्या झोपेचा व सावधपणाचा अभ्यास करण्यात आला. १९८९ व २०१९ ही दोन्ही उड्डाणे पूर्वेकडे, वाऱ्याची पाठराखण घेऊन झाली होती, हे त्यांच्या आकड्यांची तुलना करताना विसरून चालत नाही. उलट दिशेचा प्रवास अधिक कठीण आहे. या मार्गासाठी क्वांटासने २०२२ मध्ये जादा इंधनटाकी असलेली बारा एअरबस ए३५०-१००० विमाने मागविली.

मधल्या काळात थांब्यांचे राजकारण पुन्हा प्रकट झाले. क्वांटासने २०१३ मध्ये आपला मधला थांबा सिंगापूरहून दुबईस हलविला व २०१८ मध्ये परत सिंगापूरला आणला. कोव्हिड साथीत पश्चिम ऑस्ट्रेलियाने आपल्या सीमा बंद ठेवल्यामुळे नोव्हेंबर २०२१ पासून काही महिने लंडनची विमाने पर्थऐवजी डार्विनमार्गे, म्हणजे स्मिथ बंधू जेथे उतरले होते तेथून गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने ब्रिटिश विमानांना आपले आकाश बंद केले व त्यांच्यापुरता बृहद्वृत्ताचा उत्तरेकडील कंस नकाशापुरताच राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये पश्चिम आशियातील तणावामुळे इराणभोवतालचे आकाश टाळावे लागले. वळशामुळे वाढलेल्या अंतरास इंधन पुरेना, म्हणून पर्थहून लंडनला थेट जाणारे विमान काही काळ सिंगापूर येथे थांबून जाऊ लागले. परतीच्या प्रवासात पाठीशी वारा असल्यामुळे लंडन–पर्थ ही खेप मात्र विनाथांबाच चालू राहिली.